ऐकू येणे आणि समजणे : कॉक्लिअर इम्प्लांटनंतरची भाषिक चाचणी

बंगळूरूच्या मल्लेश्वरम परिसरात एका इमारतीत चार बिऱ्हाडे असतील, तर चार भाषा कानी पडणे नवलाचे नाही. येथील काडू मल्लेश्वर मंदिराला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी दिलेल्या दानाचा १६६९चा शिलालेख आहे. मराठ्यांचा या भूमीशी संबंध तेवढा जुना आहे. २०११च्या जनगणनेत बंगळूरू जिल्ह्यातील कन्नड मातृभाषकांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. अशा वस्तीतील जन्मतः कर्णबधिर मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसविल्यानंतर त्याला बोललेले किती समजते, हे कोणत्या भाषेत तपासावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. सार्वजनिक खर्चाच्या दृष्टीने मात्र तो तसा नाही.

त्याच जनगणनेत देशातील सुमारे ५० लाख ७० हजार व्यक्तींना श्रवणविषयक अपंगत्व असल्याची नोंद झाली. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. फेब्रुवारी २०१३मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांमधील श्रवणदोषाचा समावेश करण्यात आला. एप्रिल २०१४पासून सुधारित ‘एडिप’ योजनेत एका इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. १९८३मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे या कामाचे समन्वयन सोपविण्यात आले. शस्त्रक्रिया किती झाल्या, हे मोजणे सोपे असते. परंतु तो खर्चाचा हिशेब झाला, फलिताचा नव्हे.

इम्प्लांट म्हणजे आवाज मोठा करणारे श्रवणयंत्र नव्हे. कानामागील प्रक्रियक ध्वनीचे वारंवारतेनुसार पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्यातील चढउतारांचे विद्युत् स्पंदांत रूपांतर करतो आणि हे स्पंद अंतःकर्णातील इलेक्ट्रोडमार्फत श्रवणतंतूपर्यंत पोहोचतात. निरोगी कानात हे काम सुमारे साडेतीन हजार आंतरिक केशपेशी करतात. इम्प्लांटमधील इलेक्ट्रोडची संख्या साधारणतः १२ ते २२ असते. तरीही भाषा समजू शकते. रॉबर्ट शॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये दाखवून दिले की, केवळ चार पट्ट्यांतील चढउतार कायम ठेवले तरी शांत वातावरणात श्रोत्याला बोलणे बहुतांशी कळते. हरवते ती स्वराची उंची. मृदंग व तबल्याच्या सुरेल नादाची मीमांसा करणाऱ्या सी. व्ही. रामन यांचे घर मल्लेश्वरममध्येच होते. इम्प्लांटधारकाला त्या मृदंगाचा ताल उमगतो, सूर मात्र निसटतो.

यंत्र सुरू झाल्यावर किती डेसिबलच्या आवाजाला मूल प्रतिसाद देते, हे पाहिले जाते. हा आलेख बहुधा समाधानकारक येतो आणि येथेच फसगत होते. दाराची घंटा ऐकू आली म्हणजे ‘दार’ आणि ‘धार’ यांतील भेद कळला, असे होत नाही. नॉर्मन अर्बर यांनी श्रवणाच्या चार पायऱ्या मांडल्या : आवाजाची जाणीव, दोन आवाजांतील भेद, शब्दाची ओळख आणि अर्थाचे आकलन. डेसिबलचा आलेख पहिल्याच पायरीविषयी बोलतो. डॅनियल लिंग यांची म, आ, ऊ, ई, श, स या सहा ध्वनींची तपासणी खालच्या ते वरच्या वारंवारतेचा पल्ला व्यापते आणि आईला ती घरी रोज सकाळी करता येते. एक रुपयाही न लागणारे हे साधन या खर्चिक क्षेत्रात उपेक्षिले जाऊ नये.

पुढची पायरी शब्दांची. चार चित्रांतून एक दाखवावयाचे असेल, तर काहीही न ऐकता मूल शंभरपैकी पंचवीस वेळा बरोबर ठरते. चित्रांवाचून, ऐकलेला शब्द तसाच उच्चारावयास सांगितले, तर हा आधार उरत नाही. परीक्षकाचे ओठ दिसत असतील, तर परीक्षा कानाची राहत नाही, डोळ्यांची होते. आज एकाने, सहा महिन्यांनी दुसऱ्याने शब्द उच्चारले, तर मुलाची प्रगती झाली की बोलणारा अधिक स्पष्ट होता, हे कळत नाही. म्हणून ध्वनिमुद्रित यादी हवी. ‘फळ’ऐवजी ‘पळ’ म्हणणाऱ्या मुलाला शब्दाचे गुण मिळत नाहीत, पण ध्वनिनिहाय मोजल्यास चूक एकाच जागी सापडते आणि यंत्राची जुळणी करणाऱ्या तज्ज्ञाला नेमकी तीच माहिती हवी असते.

ही यादी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतरित करता येत नाही. इंग्रजीत अनेकवचन बहुधा शब्दान्तीच्या ‘स’सारख्या तीव्र ध्वनीवर अवलंबून असते. मराठीत ‘गेला, गेली, गेले’ हा सारा व्यवहार शेवटच्या स्वरावर चालतो. तो स्वर निसटला, तर कोण गेले हेच कळत नाही. कन्नडमध्ये ‘बळे’ म्हणजे बांगडी आणि ‘बाळे’ म्हणजे केळे. तेथे स्वराची लांबी निर्णायक ठरते. कन्नड शब्द सामान्यतः स्वरान्त असल्याने एकाक्षरी शब्दांची इंग्रजी पद्धतीची यादी तेथे फारशी उपयोगी नाही. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत आशा यतिराज आणि सी. एस. विजयालक्ष्मी यांनी २००५मध्ये कन्नडसाठी ध्वनिसंतुलित शब्दयाद्या तयार केल्या. २०१४मध्ये कन्नड वाक्यचाचणीही प्रसिद्ध झाली.

मल्लेश्वरममधील मराठी घरातल्या मुलाने कन्नड यादीत कमी गुण मिळविले, तर दोष इलेक्ट्रोडचा, जुळणीचा, की शब्दच अपरिचित असल्याचा, हे त्या गुणांवरून ठरत नाही. त्यावरून जुळणी विनाकारण बदलली जाऊ शकते, किंवा ‘प्रगती नाही’ असा शेरा पडून पालक उपचार सोडून देऊ शकतात. भाषा आत्मसात करण्याच्या वयात वाया गेलेले वर्ष पुढे भरून निघणे अवघड असते.

चांगली यादी करण्यास मुलांच्या परिचयाचे शब्द निवडावे लागतात, त्या भाषेतील ध्वनींचे प्रमाण राखावे लागते, सर्व याद्यांची काठिण्यपातळी समान आणावी लागते आणि श्रवण उत्तम असलेल्या मुलांवर ती पडताळावी लागते. एकदा झाली की ती कितीही केंद्रांना वापरता येते. नेमक्या याच कारणाने तिच्यात खासगी गुंतवणूक येत नाही. अर्थशास्त्रात जिला सार्वजनिक वस्तू म्हणतात, ती हीच. ६ लाखांच्या उपकरणाशेजारी तिचा खर्च नगण्य असून तो राष्ट्रीय संस्थांनीच उचलणे योग्य होय.

शांत खोलीतील गुणही अपुरे असतात. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फुलविक्रेत्यांच्या हाका, रिक्षांचे भोंगे आणि दुकानांतील गाणी एकाच वेळी चालू असताना आईचा शब्द वेगळा काढणे, ही मुलाची रोजची परीक्षा आहे. पार्श्वभूमीचा आवाज मुद्दाम मिसळून वाक्ये ऐकविली, की शांततेत उत्तम गुण मिळविणारी मुलेही मागे पडलेली दिसतात. म्हणून मुलाच्या नोंदपत्रकात शांततेतील आणि कोलाहलातील गुण वेगळे असावेत, आणि त्यांच्या शेजारी घरची भाषा व चाचणीची भाषा यांसाठी दोन स्वतंत्र रकाने असावेत.