मज्जातंतूंचा वेग : वय, उंची आणि आपण

पायाला ठेच लागताच कळ मेंदूपर्यंत पोहोचते. हा निरोप किती वेगाने जातो? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूला विजेचा झटका देऊन तो वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला.

आज रुग्णालयांतही हीच युक्ती वापरतात. आधी मनगटाशी आणि मग कोपराशी विजेचा क्षणिक झटका देतात व अंगठ्याचा स्नायू केव्हा प्रतिसाद देतो ते यंत्रावर पाहतात. समजा, मनगटापासून ३.५ आणि कोपरापासून ७.५ मिलिसेकंद लागले. दोन्ही जागांमधील अंतर २२ सेंटिमीटर असेल, तर वेग किती? ०.२२ मीटर भागिले ०.००४ सेकंद, म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. निरोगी प्रौढाच्या हातात साधारण एवढाच वेग आढळतो.

नवजात बालकात मात्र तो याच्या जवळजवळ निम्मा असतो. कारण तंतूंभोवतीचे मायलिन नावाचे स्निग्ध आवरण अजून पुरते तयार झालेले नसते. तीन ते पाच वर्षांच्या सुमारास मूल प्रौढांची बरोबरी करते. पुढे चाळिशीनंतर हा वेग हळूहळू घटू लागतो.

मग स्त्री-पुरुषांत फरक असतो काय? बोटाभोवती इलेक्ट्रोडची कडी घालून नोंद घेतली, तर स्त्रियांचा संकेत सरासरीने मोठा दिसतो. पण त्याचे एक मोठे कारण अगदी साधे आहे. बोट बारीक असल्याने मज्जातंतू कडीच्या अधिक जवळ येतो. पायातील वेग पुरुषांत सरासरीने थोडा कमी भरतो. परंतु सारख्या उंचीच्या स्त्री-पुरुषांची तुलना केली, की हा फरक बहुतांशी नाहीसा होतो. उंच माणसाच्या पायात वेग मुळातच कमी असतो.

हे जाणणे का महत्त्वाचे? मधुमेहात मज्जातंतूंना इजा होऊन वेग मंदावतो. सत्तर वर्षांच्या उंच आजोबांना विशीतल्या तरुणाचे माप लावले, तर ते निरोगी असूनही आजारी ठरतील. उलट, ठेंगण्या तरुणीचा घटलेला वेग ‘ठीक’ वाटून तिचा आजार निसटेल. पाय गार असला तरी वेग कमी भरतो, म्हणून तो आधी उबदार करून घेतात.

मात्र हा प्रयोग डॉक्टरांच्या यंत्रावरच करायचा. घरच्या विजेशी खेळू नका!