जुना टेप काढून टचस्क्रीन बसवताय? स्क्रीन नंतर बघा, आधी कपलर मागा

तालुक्याच्या गावी कार ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर हल्ली एक दृश्य हमखास दिसतं. दारं उघडी टाकलेली वॅगनार नाहीतर बोलेरो, डॅशबोर्डमधून बाहेर लोंबणाऱ्या वायरी आणि बाजूच्या खुर्चीवर मोबाईल बघत बसलेला मालक. सेकंड हँड गाडी घेतली की सीट कव्हरनंतर पहिलं काम हेच. कंपनीचा साधा टेप काढायचा आणि तिथं नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसवायची.

साधारण पाच ते बारा हजारांत हे काम होतं. गाणी, मॅप, रिव्हर्स कॅमेरा सगळं एका स्क्रीनवर येतं. हौसेला मोल नसतं, आणि ही हौस काही वाईट नाही.

पण गावाकडे गाडी नुसती हौसेची नसते. रात्री दोन वाजता शेजारच्या आजीच्या छातीत दुखायला लागलं, तर ज्याच्या दारात चारचाकी उभी असते त्याचंच दार वाजतं. अशा वेळी किल्ली फिरवल्यावर इंजिनाऐवजी नुसता 'टक् टक्' आवाज आला तर? बॅटरी पार उतरलेली असते. कित्येकदा कारण निघतं, महिनाभरापूर्वी घाईत जोडलेली स्क्रीनची वायर. म्हणून पैसे देण्याआधी खालच्या गोष्टी नीट समजून घ्या.

बॅटरी कशामुळे उतरते?

स्क्रीनच्या मागे वायरींचा जुडगा असतो. त्यातल्या तीन वायरी सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

- पिवळी वायर: हिला बॅटरीचा करंट चोवीस तास मिळतो. घड्याळ, सेटिंग आणि रेडिओची स्टेशनं लक्षात राहतात ती हिच्यामुळे.
- लाल वायर: हिला किल्ली फिरवल्यावरच करंट मिळायला पाहिजे. किल्ली काढली की करंट बंद आणि स्क्रीनही बंद.
- काळी वायर: ही अर्थिंगची.

घोळ होतो तो पिवळ्या आणि लाल वायरीत. किल्लीवरचा करंट शोधत बसायला वेळ लागतो. मग घाईत असलेला कारागीर दोन्ही वायरी एकत्र पिळून बॅटरीच्या लाईनला जोडून टाकतो. स्क्रीन लगेच चालू होते, मालक खूश. पण किल्ली काढल्यावरही स्क्रीन आतून जागीच राहते.

हिशोब सोपा आहे. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. बंद स्क्रीन समजा अर्धा अँपिअर करंट ओढत राहिली, तर एका दिवसात १२ आणि दोन दिवसांत २४ अँपिअर-तास गेले. एवढं झाल्यावर स्टार्टर फिरायची खात्री राहत नाही. बॅटरी थोडी जुनी असेल तर एका रात्रीतही गाडी बसू शकते.

गाडी पूर्ण बंद असताना सगळं मिळून ०.०५ अँपिअर, म्हणजे ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट जायला हवा. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन मीटर लावून हे पाच मिनिटांत दाखवतो. फक्त गाडी लॉक करून पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं, कारण आतली यंत्रणा झोपायला तेवढा वेळ घेते.

कपलर म्हणजे काय, आणि तो एवढा महत्त्वाचा का?

कंपनीच्या टेपच्या मागे प्लास्टिकचा एक सॉकेट असतो. त्यात गाडीच्या सगळ्या वायरी एकत्र आलेल्या असतात. त्याच सॉकेटमध्ये खटकन बसणारी आणि दुसऱ्या बाजूने नव्या स्क्रीनला जोडली जाणारी तयार वायर मिळते. बाजारात तिला कपलर म्हणतात. गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर वेगळा असतो आणि साधारण काहीशे रुपयांत मिळतो.

कपलर नसेल तर कारागीर गाडीची मूळ वायर कापतो, साल काढतो, नवी वायर तिच्यावर पिळतो आणि वरून टेप गुंडाळतो. इथूनच पुढची दुखणी सुरू होतात.

पहिलं दुखणं गरम होण्याचं. सैल पिळलेला जोड तापतो. त्यात उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड आधीच भट्टीसारखा तापलेला असतो. चिकटपट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी सुटते आणि उघडी वायर बॉडीला टेकली की शॉर्टसर्किट. फ्यूज बरोबर असेल तर तो उडतो आणि गाडी वाचते. फ्यूजच्या जागी तार घातलेली असेल, तर वायर पेट घेऊ शकते.

दुसरं दुखणं रंगांचं. नव्या स्क्रीनच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. गाडीच्या मूळ वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. रंगाला रंग बघून जोडणं म्हणजे निव्वळ अंदाज. स्पीकरची निगेटिव्ह वायर चुकून बॉडीला लागली तर नव्या स्क्रीनचा ॲम्प्लिफायर जळू शकतो.

तिसरी गोष्ट पैशांची. कपलरवर बसवलेली स्क्रीन अर्ध्या तासात काढून जुना टेप परत बसवता येतो. गाडी विकताना किंवा सर्व्हिस सेंटरला नेताना हे उपयोगी पडतं. एकदा कापलेली वायर मात्र पूर्वीसारखी होत नाही. म्हणून जुना टेप आणि त्याचे स्क्रू घरी जपून ठेवा, दुकानात सोडून येऊ नका.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न एवढाच विचारा, "दादा, या गाडीचा कपलर आहे का? वायर कापायची नाही." कपलर नसेल तर चार दिवस थांबून मागवून घ्या.

आपल्या गाडीत कोणती साईज बसते?

जुन्या गाड्यांत टेपची जागा एका पट्टीएवढी असते, साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. तिला सिंगल डिन म्हणतात. त्याच्या दुप्पट उंचीची, १०० मिलिमीटरची जागा म्हणजे डबल डिन. सात इंची स्क्रीन सरळ डबल डिनमध्ये बसते. नऊ किंवा दहा इंची स्क्रीनला त्या मॉडेलची वेगळी फ्रेम लागते.

फ्रेम नसताना डॅशबोर्ड कापून स्क्रीन 'बसवून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि बाहेर पडा. एसीचे बटण आणि हवेच्या जाळ्या स्क्रीनमागे झाकल्या जात नाहीत ना, हेही आधी बघा.

खोक्यावरचे आकडे किती खरे?

स्वस्त स्क्रीनच्या खोक्यावर '४ जीबी रॅम, ६४ जीबी मेमरी' असं ठळक लिहिलेलं असतं. काही मालात सेटिंगमध्येही तसंच दिसतं, पण आत निम्मीच रॅम असते. आकडा सॉफ्टवेअरमधून बदलता येतो. सीपीयू-झेडसारखं फुकट ॲप टाकून प्रोसेसर आणि अँड्रॉइडची आवृत्ती तपासता येते, पण तीही शंभर टक्के खात्री नाही. खरी परीक्षा वापरूनच होते. मॅप सुरू करा, मागे गाणं लावा आणि रिव्हर्स गिअर टाका. कॅमेरा लगेच दिसला, गाणं अडकलं नाही, तर माल कामाचा. १ जीबी रॅमची स्क्रीन मॅप आणि गाणं एकत्र चालवताना दम टाकते. निदान २ जीबी पाहिजेच, बजेट असेल तर खरी ४ जीबी घ्या.

आवाजाचंही तसंच. '४ गुणिले ५० वॉट' हा क्षणभराचा सर्वाधिक आकडा आहे. गाडीच्या बॅटरीवर, वेगळा ॲम्प्लिफायर न लावता, एका स्पीकरला सतत मिळणारी खरी ताकद २० वॉटच्या आसपास असते. त्यामुळे फक्त स्क्रीन बदलून आवाज दुप्पट होईल, ही अपेक्षा ठेवू नका. जुने स्पीकर फाटलेले असतील तर ते बदलल्याने जास्त फरक पडतो.

आणखी एक गोष्ट, स्क्रीन दुपारच्या उन्हात बघा. दुकानात झगझगीत दिसणारा स्वस्त पॅनल बाहेर काळा पडतो आणि बाजूने बघितलं तर रंग उडतात. आयपीएस पॅनल असेल तर हा त्रास कमी.

एफएम खरखरतो, मॅप भरकटतो, उपाय काय?

नवी स्क्रीन लावल्यावर आकाशवाणी नीट लागत नाही, ही नेहमीची तक्रार. बऱ्याच गाड्यांत अँटेनाला छोटा बूस्टर असतो आणि त्याला निळ्या वायरीतून करंट लागतो. ती वायर मोकळी सोडली की खरखर सुरू. दुसरं, सेटिंगमध्ये रेडिओचा विभाग 'अमेरिका' असेल तर मधली कित्येक स्टेशनं सापडतच नाहीत. तिथं 'युरोप' निवडून बघा.

जीपीएसची छोटी डबी पुढच्या काचेखाली, आकाश दिसेल अशी चिकटवायची असते. ती डॅशबोर्डच्या आत पत्र्याखाली कोंबली तर मॅप गाडीला शेतातून पळवतो. घाटात आणि आडरानात रेंज जाते, म्हणून आपल्या भागाचा गुगल मॅप घरीच ऑफलाईन उतरवून ठेवा.

रिव्हर्स कॅमेऱ्याची लाईन मागच्या रिव्हर्स लाईटवरून घेतात. कॅमेरा असला तरी मान वळवून बघणं सोडू नका. लहान मूल किंवा वासरू कॅमेऱ्याच्या कोनाबाहेर असू शकतं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचा आहे. काही मॉडेलमध्ये त्या सेन्सरचं चित्र किंवा आवाज कंपनीच्या टेपमधूनच येतो. टेप काढल्यावर सेन्सर चालतो का आणि स्टिअरिंगवरची बटणं चालतात का, हे आधी विचारून घ्या. त्यासाठी कॅनबस नावाची वेगळी डबी लागू शकते.

एअरबॅगच्या पिवळ्या सॉकेटला हात नको

एअरबॅग असलेल्या गाडीत डॅशबोर्डमागे पिवळ्या रंगाचे सॉकेट किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसतात. त्या एअरबॅगच्या. स्क्रीनची पिवळी वायर वेगळी आणि ही वेगळी, यात गोंधळ नको. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून काही मिनिटं थांबायला सांगा. 'काही होत नाही हो' म्हणणारा कारागीर असेल तर काम करू देऊ नका.

वॉरंटी आणि विमा

गाडी वॉरंटीत असेल तर आधी पुस्तिका वाचा. बाहेर वायर कापली असेल तर विजेच्या कामाशी संबंधित दावा कंपनी नाकारू शकते.

विम्यात नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्क्रीन चोरीला गेली किंवा जळाली तरी काही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असेल तर बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजची नोंद पॉलिसीत वेगळी करावी लागते. मोटार टॅरिफप्रमाणे त्याचा हप्ता वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के, म्हणजे दहा हजारांच्या स्क्रीनला सुमारे ४०० रुपये आणि वर जीएसटी. त्यासाठी पक्कं बिल लागतं. 'बिल कशाला, शंभर रुपये कमी करतो' या बोलण्याला भुलू नका. बिल नसेल तर स्क्रीन बिघडल्यावर वॉरंटीही मागता येत नाही.

चालत्या गाडीत व्हिडिओ नको

स्क्रीनला हँडब्रेकची एक वायर असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा, हा तिचा उद्देश. बहुतेक ठिकाणी ती वायर थेट अर्थिंगला जोडतात किंवा सेटिंगमधून हे बंधन काढून टाकतात. मालकानेच 'तसं करू नका' म्हणायला हवं.

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर ३३ मीटर रस्ता न बघता गेला. गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली समोर उभी असेल तर तेवढं अंतर पुरे.

गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. रस्ता बघण्यासाठी, लक्ष विचलित न होता फोन वापरायला १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात सूट आहे. स्क्रीनवर मॅप लावायचा तोही गाडी निघण्यापूर्वी.

दुकानातून निघण्यापूर्वी एवढं तपासा

- किल्ली काढा. स्क्रीन पूर्ण बंद झाली पाहिजे.
- मीटर लावून बंद गाडीचा करंट बघा.
- चारही स्पीकर एकेक करून वाजवून बघा.
- हेडलाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि एसी चालू करून बघा.
- रिव्हर्स गिअर टाकून कॅमेरा आणि सेन्सर तपासा.
- मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागून राहिला नाही ना, ते बघा.
- स्क्रीनच्या लाईनला फ्यूज कुठे आहे आणि किती अँपिअरचा, ते विचारा. एक जादा फ्यूज गाडीत ठेवा.
- जुना टेप, स्क्रू आणि पक्कं बिल ताब्यात घ्या.

पहिले दोन-तीन दिवस सकाळी गाडी सुरू करताना कान देऊन ऐका. स्टार्टर जड फिरतोय असं वाटलं तर त्याच दिवशी दुकान गाठा. अडचण रात्री-अपरात्रीच येते आणि तेव्हा स्क्रीन किती इंची आहे हे कुणी विचारत नाही, गाडी एका किल्लीत सुरू होते का एवढंच बघतात.