इंजिनाचे दत्तकविधान
(लेखांक सहावा)

मागील लेखांकात डॅटसन 240 झेड या गाडीची घडण आपण पाहिली. आता तिच्या मालकांना गेली पन्नास वर्षे ज्या मोहाने पछाडले आहे त्या मोहाचा, म्हणजे मूळ इंजिन उतरवून त्याच्या जागी अधिक बलशाली इंजिन बसविण्याच्या खटाटोपाचा विचार करावयाचा आहे. वरवर पाहणाऱ्यास हे काम म्हणजे साखळदंड, चेनपुली आणि वेल्डिंग यांचा चार दिवसांचा उद्योग वाटतो, आणि केवळ इंजिन आत बसविणे एवढाच हेतू असेल तर ते खोटेही नाही. परंतु नवे इंजिन जागेवर बसले म्हणजे काम संपले नसून त्याची खरी सुरुवात तेव्हाच होते, कारण त्या इंजिनाने निर्माण केलेले बल चाकांपर्यंत पोहोचविणारा प्रत्येक दुवा जुन्या, सौम्य इंजिनाच्या हिशेबाने घडविलेला असतो.

इंजिन बदलण्याची प्रथा या गाडीच्या बाबतीत हौशी मालकांनी नव्हे, तर खुद्द कारखान्याने पाडली, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. 1969 च्या अखेरीस निसानने ही गाडी जपानात 'फेअरलेडी झेड' या नावाने विक्रीस आणली तेव्हा तिच्यात दोन लिटरचे एल-20 इंजिन होते. कारण दोन लिटरची मर्यादा ओलांडताच जपानी सरकारदप्तरी मोटारीचा वर्ग बदले आणि मालकाच्या माथी कराचा बोजा वाढे. अमेरिकेतील गिऱ्हाइकास या महसुली अडचणीशी कर्तव्य नव्हते. म्हणून तिकडे पाठवावयाच्या गाडीत 2393 घन सेंटिमीटरचे एल-24 इंजिन आले. त्याची शक्ती 151 अश्वशक्ती सांगितली जाई, पण ती त्या काळच्या अमेरिकी रिवाजाप्रमाणे, म्हणजे गाडीतील सायलेन्सर आणि इतर उपांगांचा बोजा जमेस न धरता. याखेरीज स्कायलाइन जीटी-आरचे एस-20 हे 24 व्हॉल्व्हचे, 160 अश्वशक्तीचे उंची इंजिन घातलेली एक विरळा आवृत्ती जपानात निघाली. 1966 मध्ये निसानमध्ये विलीन झालेल्या प्रिन्स कंपनीच्या अभियंत्यांचा वारसा या इंजिनात उतरला होता. कारखान्याने प्रत्येक इंजिनानुसार सांगाड्यालाही निरनिराळी अक्षरे दिली: साधी ती एस-30, एस-20 इंजिनाची ती पीएस-30, आणि एल-24 इंजिनाची ती एचएस-30. एकाच देहात तीन इंजिने नांदविण्याची ही तजवीज आराखड्यातच केलेली असल्यामुळे बॉनेटखालची जागा ऐसपैस राहिली, आणि पुढील पिढ्यांतील मिस्त्रींनी त्या ऐसपैसपणाचा पुरेपूर फायदा घेतला.

आपल्याकडे दत्तक घ्यावयाचा झाल्यास प्रथम सपिंडात, मग सगोत्रात आणि तिथेही न मिळाल्यास परगोत्रात पाहावे असा जुना शिरस्ता होता. इंजिनाच्या दत्तकविधानातही मला हाच क्रम शहाणपणाचा वाटतो.

सपिंडातले इंजिन म्हणजे एल-28. 1975 पासून अमेरिकेस गेलेल्या 280 झेडमध्ये हेच होते. एल-24 च्या सिलिंडरचा व्यास 83 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 73.7 मिलिमीटर, एल-28 चा व्यास 86 आणि धाव 79, म्हणजे घनमान 2753. बाह्यांगाने दोन्ही भावंडे इतकी सारखी की, एल-28 जुन्याच फाउंडेशनवर बसते, जुन्याच गिअरबॉक्सला जुळते आणि जुनेच कार्ब्युरेटर मुकाट्याने स्वीकारते. बाहेरून पाहणाऱ्याला शंकाही येऊ नये, आणि चालविणाऱ्याला मात्र पहिल्याच चढावर फरक कळावा, असा हा बदल आहे. त्याहूनही पुढे जाणाऱ्या मंडळींनी एक गमतीची युक्ती शोधली. याच घराण्यात एलडी-28 नावाचे एक डिझेल इंजिन होते. त्याच्या क्रँकशाफ्टची धाव 83 मिलिमीटर. तो क्रँकशाफ्ट एल-28 च्या ब्लॉकमध्ये बसवावा, सिलिंडर 89 मिलिमीटरपर्यंत बोअर करावेत, म्हणजे 3098 घन सेंटिमीटरचे, कारखान्याने कधीच न विकलेले एल-इंजिन तयार होते. एखाद्या संथ, धूर ओकणाऱ्या डिझेल सेडानच्या पोटातला लोहदंड काढून तो शर्यतीच्या गाडीत फिरवावा, यातला विनोद जपानी मिस्त्रींना कळला असेलच. मात्र तीन मिलिमीटर बोअर करताना सिलिंडरच्या भिंती पातळ होतात. ब्लॉक निवडून घ्यावा लागतो आणि भिंतीची जाडी मोजल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

सगोत्रातले इंजिन म्हणजे आरबी घराण्याचे. 1980 च्या दशकाच्या मध्यास निसानने सहा सिलिंडरांच्या सरळ रांगेची परंपरा एल-मालिकेकडून आरबी-मालिकेकडे सोपविली, आणि 1989 च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये आरबी-26 हे दोन टर्बोंचे, 24 व्हॉल्व्हचे इंजिन अवतरले. त्याच्या सिलिंडरचा व्यास 86 आणि धाव 73.7 मिलिमीटर, म्हणजे एल-28 चा व्यास आणि एल-24 ची धाव! घराण्याचे नाक-डोळे असे आकड्यांत उतरलेले पाहून कोणत्याही झेड-मालकाचे मन डळमळावे यात नवल नाही. कागदोपत्री शक्ती 280 अश्वशक्ती. जपानी उत्पादकांनी आपसात ठरविलेली ती कमाल मर्यादा होती, आणि इंजिनाची खरी कुवत तिच्या पलीकडे होती हे सर्वजण जाणून होते.

पण आरबी-26 जन्मले ते चारही चाके ओढणाऱ्या गाडीसाठी. त्याच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरलाच पुढच्या चाकांचे डिफरेन्शियल जोडलेले असते आणि पुढच्या चाकाकडे जाणारा एक दांडा त्या चेंबरमधून आरपार जातो. झेडच्या पुढील आडव्या दांडीवर आणि स्टीअरिंगच्या रॅकवर ही सारी रचना मावणे अशक्य. म्हणून तो चेंबर काढून त्याच घराण्यातील मागील चाके ओढणाऱ्या गाडीचा चेंबर आणि तेल शोषणारी नळी बसवावी लागते. जीटी-आरच्या गिअरबॉक्समागची ट्रान्स्फर केस निरुपयोगी ठरते, आणि आरबी-25 टर्बोचा सुटसुटीत गिअरबॉक्स शोधावा लागतो. इतके करावयाचेच आहे तर मुळात आरबी-25 टर्बो हेच इंजिन, त्याच्याच गिअरबॉक्ससकट का घेऊ नये? 2498 घन सेंटिमीटर, 250 अश्वशक्ती, एकच टर्बो, आणि चेंबर पहिल्यापासूनच सोयीचा. माझे मत विचाराल तर आरबी-26 चा हट्ट बहुतांशी नावाच्या मोहापायी धरला जातो.

आता बलाचा हिशेब मांडू. एल-24 चा कमाल टॉर्क सुमारे 20 किलोग्रॅम-मीटर. 240 झेडच्या पहिल्या गिअरचे प्रमाण साडेतीनच्या आसपास आणि अमेरिकी गाडीच्या डिफरेन्शियलचे 3.36, दोन्हींचा गुणाकार सुमारे 12. म्हणजे घर्षणाची वजावट न करता, पहिल्या गिअरमध्ये मागील आसावर सुमारे 240 किलोग्रॅम-मीटरचा पीळ पडतो. आरबी-26 चा टॉर्क 36. त्याच दातांतून तो गेला तर 430. गाडी तीच, चाके तीच, आणि मधल्या प्रत्येक अवयवावर जवळजवळ पावणेदोनपट ताण. मूळच्या आर-180 डिफरेन्शियलमधील क्राउन चक्राचा व्यास 180 मिलिमीटर असतो. हा ताण त्याच्याने सोसवत नाही, विशेषतः रुंद, चिकट टायर घातले म्हणजे. कारण टायर घसरला तर डिफरेन्शियल वाचते, टायरने रस्ता पकडला की सारा झटका दातांवर येतो. म्हणून 280 झेडमधील आर-200, म्हणजे 200 मिलिमीटर व्यासाच्या क्राउनचे डिफरेन्शियल बसवितात. ते बसविले की दुबळेपणाचा मान त्यापुढच्या दुव्याकडे, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या अर्ध्या आसांच्या जुन्या क्रॉसजॉइंटांकडे जातो. मग 280 झेडएक्स टर्बोचे सी. व्ही. जॉइंटचे आस शोधण्याची पाळी येते. ब्रेकचाही विचार येथेच करावा लागतो, आणि येथे निसानभक्तांना स्वाभिमान गिळावा लागतो. कारण पुढील चाकांसाठी चार पिस्टनांचे जे कॅलिपर हमखास वापरले जातात, ते टोयोटाच्या मालवाहू पिकअपचे असतात.

परंतु या साऱ्यापेक्षा ज्या एका गोष्टीकडे हौशी मिस्त्रींचे दुर्लक्ष होते, ती म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा कोन. युनिव्हर्सल जॉइंट वाकड्या स्थितीत फिरत असताना एका बाजूचा दांडा सम गतीने फिरला तरी दुसऱ्या बाजूचा सम गतीने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंशांच्या कोनात हा चढउतार दोन्ही दिशांना सुमारे दीड टक्का असतो. ऐकावयास तो क्षुल्लक वाटेल. पण शाफ्ट मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर हिसके बसतात, आणि बसणाऱ्याच्या पाठीला ते निश्चित कळतात. यावरचा उपाय असा की, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे जॉइंट समान कोनात असावेत आणि गिअरबॉक्सचा बाहेर येणारा दांडा व डिफरेन्शियलचा पिनियन परस्परांना समांतर असावेत, म्हणजे एकाची विषमता दुसरा फेडून टाकतो. आता होते काय, उंच इंजिन बॉनेटला लागते म्हणून त्याचे नाक खाली दाबले जाते. नाक खाली गेले की गिअरबॉक्सचे शेपूट वर येते, समांतरता मोडते, आणि ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास सारी गाडी गुणगुणू लागते. मग मालक चाकांचे बॅलन्सिंग करून घेतो, टायर बदलतो, बेअरिंगे बदलतो. दोष असतो इंजिनाच्या फाउंडेशनखालच्या एका चकतीत. कोनमापक घेऊन एक तास खर्च केला असता तर हे सारे टळले असते.

पेट्रोल आणि वीज यांचे प्रकरण त्रासदायक आहे, पण गूढ नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीची टाकी वळणावर रिकामी झाल्यासारखी वागली तरी कार्ब्युरेटरच्या पेल्यातील साठा वेळ निभावून नेतो. इंजेक्शनच्या इंजिनास तेवढी उसंत नसते, म्हणून मध्ये एक छोटी साठवणटाकी आणि परतीची नळी लागते. 280 झेड मुळातच इंजेक्शनची असल्याने तिच्या मालकांचे निम्मे काम आधीच झालेले असते. गाडीतील फेऱ्यांचा काटा एकाच इग्निशन कॉइलच्या ठोक्यांवर चाले. आरबी-26 मध्ये सहा प्लगांना सहा कॉइल, त्यामुळे मध्ये इलेक्ट्रॉनिक दुभाषी बसविल्यावाचून तो काटा शून्यावरून हलत नाही.

परगोत्रातले इंजिन म्हणजे अमेरिकी शेवरले व्ही-8. कॅलिफोर्नियात 1970 च्या दशकातच 'स्कॅरब' या नावाने अशा गाड्या तयार मिळत असत, आणि 1997 मध्ये कॉर्व्हेटबरोबर ॲल्युमिनियमचे 5.7 लिटरचे एलएस-1 आल्यापासून तर ही वाट हमरस्ताच झाली. हे इंजिन लांबीने आखूड असल्यामुळे इंजिनामागच्या फायरवॉलला टेकून मागे बसते, सुटे भाग कोठेही मिळतात, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यात खोट काढणे अवघड आहे. तरीही ती गाडी मला झेड वाटत नाही. सहा सिलिंडरांच्या सरळ रांगेचा चढत जाणारा स्वर हा त्या गाडीच्या स्वभावाचा भाग आहे.

कोणतेही इंजिन घेतले तरी पत्र्याची तपासणी आधी करावी. बॅटरीच्या तबकाखाली आणि जमिनीखालच्या पोकळ पट्ट्यांत या गाड्या हमखास गंजतात, आणि गंजलेल्या पट्टीवर 36 किलोग्रॅम-मीटरचा पीळ टाकणे हा अविचार होय. कायद्याचे म्हणाल तर जपानात नोंदणीपत्रात इंजिनाचा प्रकार लिहिलेला असतो आणि तो बदलल्यास परिवहन कचेरीत रीतसर फेरफार करून घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात 1975 व त्यापूर्वीच्या मोटारींना धूरतपासणीची माफी असल्यामुळे इंजिनांतरासाठी त्याच गाड्यांना मागणी. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई कडक शब्दांत अधोरेखित केली. तेव्हा हा लेख वाचून कोणी इकडे स्पॅनर हाती घेऊ नये.

ज्यांना परदेशी राहून हा छंद करता येतो, त्या वाचकांना एकच विनंती. 1970 सालची, मूळ अवस्थेतली एक 240 झेड जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेतील लिलावात 3 लाख 10 हजार डॉलरना विकली गेली. नवी असताना त्या गाडीची किंमत 3526 डॉलर होती. ज्या इंजिनाचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीशी जुळतो, ते उतरविल्यावर भंगारात किंवा शेजाऱ्याच्या हवाली करू नका; सिलिंडरांत तेल सोडा, तोंडे बंद करा, आणि गाडी विकाल त्या दिवशी ते तिच्याबरोबरच द्या. फाउंडेशनचे जुने कंसही फेकू नका. पुढील लेखांकात माझदाच्या रोटरी इंजिनाकडे वळू.