गोळी सुरू झाल्यानंतरची दुखणी

रक्तवाहिन्यांचे विकार : लेखांक ६

जायंट सेल आर्टेरायटिस, म्हणजे जीसीए, ओळखायचा कसा ते मागच्या आठवड्यात पाहिलं. पन्नाशीनंतर, बहुतेकदा सत्तरीच्या आसपास, कानशिलाशी नव्यानंच सुरू झालेली डोकेदुखी. वेणी घालताना डोक्याची कातडी हुळहुळणं. भाकरीचे चार घास चावले की जबडा भरून येणं आणि चावणं थांबवलं की बरं वाटणं. धमनीच्या भिंतीला येणाऱ्या सुजेचा हा आजार आहे. निदान झालं, औषध सुरू झालं, की नातेवाईक हुश्श करतात. रुग्णाचा खरा प्रवास मात्र तिथून सुरू होतो आणि तो वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालतो. आज त्याबद्दल.

साधारणपणे रोज ४० ते ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनं सुरुवात होते. नजरेवर परिणाम झाला असेल तर आधी तीन दिवस मेथिलप्रेडनिसोलोन शिरेतून देतात. १८९० मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी कानशिलावरच्या सुजलेल्या, दुखऱ्या धमन्यांमुळे टोपीही घालता न येणाऱ्या एका वृद्धाची नोंद केली, तेव्हा त्यांच्या हाती या आजारावर काहीच नव्हतं. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हाही नव्हतं. त्याच मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि चित्र पालटलं. आज हा आजार असलेल्या बहुतेकांचे डोळे शाबूत राहतात ते या औषधामुळे. स्टेरॉइडचं नाव ऐकताच तोंड वाकडं करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवसांत डोकं उतरतं. कित्येक आठवडे उशीवर कानशील टेकवता न आलेली बाई शांत झोपते. हा आराम इतका लवकर मिळतो की त्याचाच धोका होतो. महिन्याभरानं घरातून प्रश्न येतो, ‘आता दुखत नाही ना, मग एवढं स्टेरॉइड कशाला?’ कारण दुखणं थांबलं तरी धमनीतली सूज गेलेली नसते. उपचार सुरू होऊन सहा महिने, वर्ष उलटल्यावर काही रुग्णांची पुन्हा बायोप्सी करून पाहिली गेली, तेव्हा अनेकांच्या धमनीत सूज तशीच सापडली. गेलेली नजर स्टेरॉइडनं क्वचितच परत येते. औषध असतं ते उरलेली नजर, दुसरा डोळा वाचवण्यासाठी.

नंतरच्या महिन्यांत रुग्णाला काही ना काही होतच राहतं. मग हे आजाराचं, औषधाचं, की औषध कमी केल्याचं, हा प्रश्न रोज पडतो. तो सोडवायला रुग्णानं शिकलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो आणि शरीर चोवीस तास सोबत असतं.

औषधाची दुखणी आधी घेऊ. रात्री दोन वाजता टक्क जाग येणं, सतत भूक लागणं, उगाच चिडचिड, मध्येच रडू येणं, चेहरा गोल होणं, जरा लागलं की काळानिळा डाग पडणं. ‘आई पूर्वीसारखी राहिली नाही, सगळ्यांवर ओरडते,’ असं मुलं सांगतात, तेव्हा आई शेजारीच मान खाली घालून बसलेली असते. हा तिचा स्वभाव नाही, डोसचा परिणाम आहे, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतली तर झोपेचा त्रास थोडा कमी होतो.

साखरेबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनमुळे साखर वाढते ती दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची तपासणी नॉर्मल येते आणि सगळे निर्धास्त होतात. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची साखर बघायलाच हवी. दुसरी गोष्ट क्षयरोगाची. भारतात अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात आणि दीर्घकाळ स्टेरॉइड चाललं की ते डोकं वर काढू शकतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, यांचं खापर जीसीएवर फोडून मोकळं होऊ नये. हाडांसाठी कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे हाडं टिकवणारं औषध सुरुवातीपासूनच हवं. मणका दबेपर्यंत थांबू नये.

मांड्यांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो. एक आजी पाटावरून उठताना शेजारच्या खुर्चीला धरू लागल्या, मग जिन्याच्या कठड्याला. घरच्यांना वाटलं, आजार उलटला. मी विचारलं, ‘आजी, दुखतं का हो?’ त्या म्हणाल्या, ‘दुखत काहीच नाही, पायांत जोरच नाही.’ सगळा फरक इथे आहे. जीसीएसोबत अनेकांना पॉलिमायल्जिया रुमॅटिका असतो. त्यात खांदे आणि कमरेखालचा भाग दुखतो, सकाळी तासभर आखडलेला असतो, हात वर करून ब्लाउज घालणं जमत नाही, आणि दिवस चढला की थोडं सैल होतं. स्टेरॉइडमुळे स्नायू झिजतात तेव्हा दुखत नाही, आखडत नाही, फक्त ताकद जाते. पहिल्या प्रकारात डोस वाढवावा लागू शकतो, दुसऱ्यात कमी करावा लागतो. चुकीचा अंदाज रुग्णाला उलट्या दिशेला नेतो. आजींच्या बाबतीत डोस सावकाश उतरवला आणि खुर्चीतून हात न लावता उठण्याचा व्यायाम रोज दिला. हळूहळू त्या कठडा सोडून चालू लागल्या.

आता डोस उतरवण्याचा काळ. वीस मिलिग्रॅमपर्यंत उतार तुलनेनं लवकर होतो, पुढे तो मंदावतो आणि दहाच्या खाली आलं की महिन्या-दोन महिन्यांनी एकेक मिलिग्रॅम, इतक्या सावकाश जावं लागतं. आपल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं स्टेरॉइड स्वतः तयार करतात. बाहेरून कित्येक महिने पुरवठा झाला की त्या काम थांबवतात आणि पुन्हा सुरू करायला वेळ घेतात. म्हणून डोस उतरताना अंग मोडून येणं, थकवा, मळमळ, उठल्यावर चक्कर हे सगळं आजार शांत असतानाही होऊ शकतं. डोस बदलल्यानंतर सुरू झालेली अंगदुखी एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरत गेली, तर ती बहुधा उताराची. दिवसागणिक वाढत गेली, त्यात सकाळचं आखडणं, जबडा किंवा कानशील सामील झालं, तर आजार परत येतोय असं समजावं. जवळपास निम्म्या रुग्णांना उपचाराच्या काळात असा उलटा फटका एकदा तरी बसतो. त्यात रुग्णाची काही चूक नसते.

अशा वेळी ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या मदत करतात, पण निकाल देत नाहीत. साध्या लघवीच्या संसर्गानंही ते आकडे वाढतात. टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर या आकड्यांवर अजिबात विसंबू नये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दर आठवड्याला हे इंजेक्शन आणि सहा महिन्यांत उतरवलेलं स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरानंतर आटोक्यात होता. तितक्याच काळात स्टेरॉइड उतरवलेल्या, पण इंजेक्शन न मिळालेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. औषध गुणी आहे, महागही आहे. ते सीआरपी जवळजवळ शून्यावर आणतं, मग आजार धुमसत असला तरी रिपोर्ट गप्प राहतो. तिथे रुग्णाचं सांगणं हीच पहिली तपासणी. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून कुणी तुमचं जबड्याचं दुखणं उडवून लावत असेल तर ऐकून घेऊ नका.

डोळ्यांबाबतही गोंधळ होतो. साखर वरखाली झाली की दोन्ही डोळ्यांना धूसर दिसतं, चष्म्याचा नंबर फिरतो. स्टेरॉइडमुळे मोतीबिंदू होतो, डोळ्यांचा दाब वाढतो. हे सगळं हळूहळू होतं. जीसीएचा घाला अचानक येतो, बहुधा एकाच डोळ्यावर: काही मिनिटं पडदा पडल्यासारखं होऊन पुन्हा दिसू लागतं, नजरेचा एखादा भाग जातो किंवा एकाचे दोन दिसतात. दिसू लागलं म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. हा फरक मी माहितीसाठी सांगितला, घरी बसून निदान करण्यासाठी नव्हे.

औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवून स्टेरॉइड सहज मिळतं, आणि तितक्याच सहजपणे ते बंदही केलं जातं. दोन्ही घातक. कुणी ‘गरम पडतं’ म्हणून एक दिवसाआड गोळी घेतो, कुणी लग्नघरी जाताना दोन गोळ्या जास्त घेतो. साध्या वहीत तारीख, डोस, जबडा, डोकं, नजर, सकाळचं आखडणं, एवढं दोन ओळींत लिहून ठेवा आणि ती वही प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर उघडा. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘मी दीर्घकाळ स्टेरॉइडवर आहे, अचानक बंद करू नये.’ मोठा ताप आला, ऑपरेशन ठरलं, तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन घ्यावं लागतं, त्यासाठी रुग्णालय गाठा. आणि नजरेत अचानक काहीही बदल झाला, तर वार-वेळ न बघता त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांकडे जा.

(पुढील लेखांकात : तरुण मुलींची नाडी हरवणारा ताकायासु आर्टेरायटिस)