उतारा टोचण्याची घाई नको

बिबट्याला बेशुद्ध करायच्या डार्टमध्ये बहुधा दोन औषधं एकत्र भरलेली असतात: झायलाझिन आणि केटामिन. झायलाझिन गुंगी आणतं, स्नायू सैल करतं. केटामिन भूल देतं, पण एकटं दिलं तर अंग ताठरतं, कधी झटकेही येतात. खरी गोम उताऱ्यात आहे. योहिम्बिन किंवा अटिपामेझोल फक्त झायलाझिनचा अंमल उतरवतात. केटामिनला उताराच नाही, ते शरीरातून आपसूकच ओसरावं लागतं. उतारा लवकर टोचला, तर केटामिनला आवर घालणारं कुणी उरत नाही. जनावर धड उठत नाही. कडक होतं, थरथरतं, डोकं आपटतं. शिवाय झायलाझिनमुळे मिळणारं वेदनाशमनही जातं, हे सहसा विसरलं जातं. म्हणून अनुभवी पशुवैद्य केटामिनचा जोर ओसरेपर्यंत थांबतात. भोवतीच्या गर्दीनेही तेवढी कळ काढावी.