वाडीतले काम, गड्याचे वय

वसईच्या वाड्यांत पावसाळ्यात माडाचे खोड बुळबुळीत होते. विशीतला पोरगा तरी सरसर चढतो; घाईत पाय सटकतो, नाहीतर कोयता हातावर बसतो. साठीतला गडी जपून असतो, त्याला क्वचित लागते. पण लागले की हाड लवकर जुळत नाही, पाऊस सरेपर्यंत घरीच. वाडीवाल्यांनो, नवख्याला एकटा चढवू नका, आणि शेणखताची पाटी म्हाताऱ्याच्या डोक्यावर देऊ नका.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत ७५ वर्षांपर्यंत मदत मिळते, पण ती खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकालाच. भूमिहीन गड्याचे काय? त्याला १८ ते ७० वयात बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेता येतो. हप्ता वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूस २ लाख. एका शहाळ्याचे पैसेसुद्धा नाहीत हे! विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते. त्याआधी मालकानेच ते गड्याच्या खात्यात टाकावेत.