निजलेली मोटार जागी करताना

महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून एकदम पळायला लावले, तर त्याचे काय होईल? वर्षानुवर्षे गॅरेजात धूळ खात पडलेल्या स्पोर्ट्स मोटारीचेही तेच!

एम. जी. टी. सी. ही गाडीच घ्या ना. इंग्लंडमधील अॅबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या तयार झाल्या. इंजिन अवघे १,२५० सी. सी.चे आणि पत्र्याखालचा सांगाडा चक्क लाकडी!

अशी जुनी गाडी मिळाली, की पुष्कळांचा हात आधी स्टार्टरकडे जातो, आणि घात होतो तो तेथेच. सिलिंडरला गंज धरून पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. जोर केला की त्या मोडतात. म्हणून आधी प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि काही दिवस निमूटपणे वाट पाहावी. मग हँडलने इंजिन हलकेच फिरवून बघावे.

टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. टाकी आणि दोन्ही कार्बोरेटर स्वच्छ धुवावेत. इंजिनातले तेल बदलावे. तेलाचा पंप कोरडा पडलेला असतो, तेव्हा प्लग न बसवताच इंजिन फिरवावे. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला, की मगच प्लग लावावेत.

इंजिन गुरगुरू लागले, की घरातली मुले ‘एक चक्कर मारू या’ म्हणून मागे लागतील. तेव्हा मात्र मन घट्ट करावे. ब्रेकचे तेल ओलावा शोषते, आत गंज चढतो, रबरी नळ्या विरतात. हे सारे नवे होईपर्यंत गाडी दारातच बरी. इतकी वर्षे थांबली, ती आणखी आठवडाभर थांबेल!